अब्बांची वर्षं

राजिवडा, रत्नागिरी
६ फेब्रुवारी २००५

प्रिय महरी,

सुटलो गं, सुटलो! आधी एवढं वाच, मग पाहिजे तर पुन्हा रुसून बस. इन्कम टॅक्सचा निकाल आपल्या बाजूनं लागला, घराचा पैसा वाचला आणि परवा आम्ही राजिवड्यात स्वतःच्या घरात राहायला आलो. भाड्याच्या नव्हे, स्वतःच्या! टेबल-खुर्ची अजून यायचीय, म्हणून ओट्यावर कागद ठेवून उभ्यानंच लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर ते आनंदाचं समज, म्हातारपणाचं समजू नकोस.

पत्र अशासाठी की फोन केला की तू दोन वाक्यं बोलून रिसीव्हर अर्शदच्या हातात देतेस. मग तुझा बिचारा नवरा कुवेतच्या हवेबद्दल बोलतो, मी रत्नागिरीच्या हवेबद्दल बोलते आणि आमचं संभाषण संपतं. दोन वर्षं आम्ही दोघं नुसती हवामानाची बातमी देतोय. पत्र मात्र तू त्याच्या हातात देणार नाहीस. आधी स्वतः वाचशील, दार लावून वाचशील, एवढी मी तुला ओळखते.

कर्ल्याचं घर विकलं तेव्हा तू मला एकच गोष्ट विचारलीस. ‘अब्बांचं घर गेलं आपा, आता मी कुणाकडे येऊ?’ मी म्हटलं, माझ्याकडे ये. तू म्हणालीस, भाड्याच्या घरात माहेरपण होत नाही. राग आला होता मला, खूप आला होता. इथे माझा नवरा हॉस्पिटलात, आणि ही तिथे एसीत बसून माहेरपणाच्या गोष्टी करतेय! पण खरं सांगू, वाक्य तुझं चुकीचं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात, दोन खोल्यांत, घरमालकिणीच्या नजरेखाली तुला कुठे बसवणार होते मी? म्हणून तर हा निकाल माझ्यासाठी एवढा मोठा. नुसतं डोक्यावर छप्पर यावं म्हणून नाही.

घर हौसेनं विकलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. नासिर जहाजावर इंजिनरूममध्ये होता तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग छातीत दुखायला लागलं, मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं, आणि कंपनीच्या डॉक्टरनं ‘पुन्हा बोटीवर नको’ असं लिहून दिलं. हातातलं गेलं, मग दागिने गेले, मग घर. अब्बांनी ते माझ्या नावावर करून दोन वर्षंही झाली नव्हती. सही करताना मी कागदावर पेन टेकवून इतका वेळ थांबले की रजिस्ट्रार ऑफिसातला माणूस म्हणाला, बाई, सावकाश करा, आम्हाला घाई नाही.

आणि मग कळलं की खरी गंमत पुढेच आहे. बाजारपेठेतल्या एका करसल्लागाराकडे गेले. त्यानं पंचायतीचा उतारा बघितला, नाव लागल्याचं साल बघितलं आणि मान हलवली. घर विकून जो फायदा होतो त्यावर सरकार कर घेतं. घर तीन वर्षांहून जास्त आपल्याकडे असेल आणि विकल्यावर दोन वर्षांच्या आत त्या फायद्यातून दुसरं घर घेतलं, तर कर माफ होतो. पण तीन वर्षांच्या आतच विकलं तर माफी नाही. मी म्हटलं, अहो, माणूस मरायला टेकला होता म्हणून विकलं, त्याचं काही नाही का? तो म्हणाला, ‘बाई, कायदा तारीख बघतो, आजारपण बघत नाही.’ जिना उतरताना मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्याला उचक्या लागल्या असतील. कर भरला असता तर उरलेल्या पैशात रत्नागिरीत घर सोड, गोठासुद्धा मिळाला नसता.

हरून बसणारी मी नाही. शेजारची पोरगी म्हणाली, मारुती मंदिराजवळ एक नवीन सीए बाई आलीय, मनस्वी शेट्ये, मुंबईला शिकून आलेली. गेले. एवढीशी पोर, केसांना क्लिप, मला वाटलं हिच्या हातून काय होणार! तिनं उतारा बाजूलाच ठेवला आणि विचारलं, ‘घर तुम्ही वडिलांकडून विकत घेतलं होतं का?’ मला हसूच आलं. म्हटलं, बापाकडून कुणी विकत घेतं का? अब्बांनी हिबा केला होता. तिला हिबा माहीत नव्हता. मी सांगितलं, आमच्यात जिवंतपणी घर असं देतात. देणारा सांगतो मी दिलं, घेणारा सांगतो मला कबूल, आणि देणारा ताबा सोडतो. ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, ‘म्हणजे बक्षीस! मग वडिलांची वर्षं तुमची झाली. त्यांनी घर बांधलं तेव्हापासून ते तुमच्याकडे होतं, असं कायदा धरतो.’

महरी, मी तिथे त्या पोरीच्या ऑफिसात रडले. अब्बांनी ते घर बांधलं चौऱ्याहत्तर साली, तुझ्या जन्माच्या वर्षी. चिरा स्वतः निवडून आणला होता, ठाऊक आहे ना? आणि एवढी वर्षं त्यांनी त्या घरात काढली ती माझ्या नावानं मोजायची! जाऊन तीन वर्षं झालेला बाप असा पाठीशी उभा राहील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पण मनस्वीनं लगेच सांगितलं, कर ऑफिसातून चौकशी येणार. हिबा तोंडी झालेला, लिहिलेलं काही नाही. नाव बदललं एवढंच कागदावर दिसतं, का बदललं ते दिसत नाही. मग पाहणारी माणसं लागतील. आणि मला तो शुक्रवार आठवला. तुला आठवतो? मौलवी म्हणाले होते, तुम्ही ज्या घरात राहता तेच घर देताय, तर एकदा बाहेर पडा, म्हणजे ताबा सुटला हे लोकांना दिसेल. जुम्म्याची नमाज झाली आणि अब्बा बगलेत चटई, हातात ट्रान्झिस्टर घेऊन ऐटीत निघाले, जणू हजलाच चाललेत. मागून तू छत्री घेऊन. डोळे तुझे भरलेले आणि तरी हसत होतीस. अब्बा समोर यमुनाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. मी आत गेले, कडी लावली. मग त्यांनी येऊन स्वतःच्याच घराचं दार ठोठावलं. ‘आता मी पावना. दार उगडशील तर येन, नायतर यमुनाबायकडं जेवन. चाय मिलल काय?’

तूच तर म्हणाली होतीस, आपाला द्या, मला कुवेतमध्ये घर आहे. दोघीच मुली आपण, अब्बांमागे घराला चुलत्यांचेही वाटे पडले असते, म्हणून अब्बांना घाई होती. ते वाक्य मी विसरलेले नाही. तू स्वतः दिलंस आणि मी ते राखू शकले नाही, हेच तुला लागलं असणार. मला त्याहून जास्त लागलं, एवढंच आज सांगते.

साक्षीला तुला बोलवावं असं पन्नास वेळा मनात आलं. नाही बोलावलं. मला वाटलं, रागावलेल्या माणसाकडे काम घेऊन जायचं नसतं. यमुनाबाई गेल्या. त्या वयात नऊवारी नेसून, पावडर लावून! ऑफिसरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘सायेब, हिचा बापूस चटई नि रेडू घेवन माज्या वट्यावर येवन बसला. मी इचारलंय, काय ओ, भांडलाव काय पोरीशी? तर म्हनाला, घर दिलंय तिला.’ आणि दुसरा कोण गेला माहीत आहे? आपला चुलतभाऊ झुबेर! हातखंब्याचं टायरचं दुकान बंद करून आला. हिबा झाला नसता तर त्याच्या घरात एक वाटा गेला असता. ऑफिसरनं नेमकं तेच विचारलं. तर म्हणतो, ‘काकांनी हिला दिलान, माज्यासमोर दिलान. मना नाय दिलान म्हनून काय खोटा बोलू?’ मला त्या क्षणी झुबेरच्या पाया पडावंसं वाटलं. लहानपणी आपण त्याला किती छळलं गं!

तरी ऑफिसरनं लगेच काही सांगितलं नाही. इकडे दोन वर्षांची मुदत सरत आलेली, पैसे बँकेत नव्या घरासाठीच्या खात्यात अडकलेले, आणि राजिवड्यातलं हे घर दुसऱ्या कुणी उचलेल ही धास्ती. मालक भला माणूस, म्हणाला बकरी ईदपर्यंत थांबतो. मी रोज पोस्टमनच्या सायकलीकडे बघायची. नासिर म्हणायचा, एवढी वाट तू माझ्या बोटीचीही बघितली नव्हतीस. ईद झाली, मालक आणखी थोडा थांबला, आणि एका सकाळी मनस्वीचाच फोन आला. आधी ती नुसती हसतच होती. माझ्या हातातली डाळ सगळी खाली! नासिरनं ती झाडूनं गोळा केली आणि आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसून लहान पोरांसारखी हसलो.

घर लहान आहे, आधीच सांगते. खाली दोन खोल्या, मागे मोरी, अंगणात एक शेवगा. आणि वर एक खोली, तिचा जिना बाहेरून, दार वेगळं. खिडकी उघडली की खाडी दिसते, होड्या दिसतात, वाराही मस्त येतो. इकरा पहिल्याच दिवशी दप्तर घेऊन वर गेली आणि म्हणाली, अम्मी, ही खोली माझी. मी म्हटलं, नाही. ती फुगून बसलीय. नासिर विचारतोय, मग कुणाची? त्यालाही अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

मनस्वीला मी विचारून घेतलंय. नवं घर तीन वर्षं विकायचं नाही, नाहीतर माफी परत जाते. मी म्हटलं, विकत नाही, त्यातली एक खोली बहिणीला द्यायचीय. तिनं पुस्तक काढून पाहिलं आणि म्हणाली, द्या आपा, देणं म्हणजे विकणं नव्हे. तेव्हा आता ऐक. वरची खोली तुझी आहे, महरी. पण हिबा पत्रानं पुरा होत नाही, तुला यावं लागेल. सुट्टी पडली की अर्शदला आणि पोरांना घेऊन ये, यमुनाबाईंना आणि झुबेरला मी बोलावते. मी सगळ्यांसमोर म्हणेन, दिली. तू म्हणायचंस, कबूल. मग मी जिना उतरून अंगणात जाईन, आणि तू आत जाऊन कडी लावायचीस. कुणाकडे येऊ, असं विचारलं होतंस ना? कुणाकडेही नाही, स्वतःच्या घरी ये. नंतर मी वर येऊन दार ठोठावेन. उघडायचं की नाही, ही तुझी मर्जी. मी फक्त एवढंच विचारेन, पाहुणी आलेय, चहा मिळेल का?

तुझीच, अंगणात उभी राहायला तयार असलेली,
रझियाआपा