काशीच्या वाटेवर मामा नसेल

मदन महल, जबलपूर

प्रिय अवंती,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. हातात फोन असताना शरयूला पत्र लिहायची कुठली अवदसा आठवली, असं म्हणशील. बाई गं, फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझी दोन वाक्यं झाली की तुझ्या दारात कुरिअरवाला येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून तू मोकळी. कागदाला मधेच तोडता येत नाही. तेव्हा पंखा लाव, पाणी पी आणि निवांत बस. तुझ्या अंबरीशच्या मुंजीबद्दल लिहायचं आहे, आणि माझ्या चिन्मयीबद्दल. पण आधी घरचं सांगते, कारण माहेरचं ऐकायची तुला हौस फार.

इथे ऊन आत्ताच डोळे वटारून राहिलं आहे. शाळा सकाळच्या झाल्या. अक्षत येतो तो दप्तर दारात, बूट सोफ्यावर आणि स्वतः अर्धा फ्रिजमध्ये. आठ वर्षांचा घोडा झाला, पण मी मराठीत विचारायचं आणि यानं हिंदीत उत्तर द्यायचं, हे काही सुटत नाही. चिन्मयीला पाच पूर्ण झाली. दोघांच्या मानेवर घामोळ्या उठल्यात, संध्याकाळी दोघांना नळाखाली उभं केलं की सगळ्या गल्लीला कळतं. तुझा आलोकदादा फॅक्टरीतून येताना पनागरच्या काकड्या आणतो, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्यातली एक उरत नाही. कुलरना वाळ्याची नवी खस भरली. तू आलीस की मागच्या खोलीत तुझ्यासाठी राखून ठेवायचो ना, तो मोठा कुलर? तो मी मुलांच्या खोलीला लावला. कैरीचं लोणचंही घातलं. दरवर्षी तुझ्या नावाची बरणी पहिली भरायची मी. या वर्षी ती शेजारच्या गीतांजली दीदींकडे गेली. बोटं चाटून खाऊन राहिले आहेत ते लोक. म्हटलं, तुला कळवावं.

राग आला ना? येऊ दे. लोणच्यापुरताच आला असेल, पुढचं अजून वाचायचं आहे.

तुला आठवतं का, आपण दोघी एका सायकलवर मदन महलचा चढ चढायचो? पेडल माझं, बडबड तुझी. कमानिया गेटच्या गर्दीत पानाच्या एका दोन्यात खोव्याची जिलबी घ्यायचो, मोठा तुकडा तू खायचीस आणि बोटाला लागलेला पाक मला द्यायचीस. तरी मला तूच हवी असायचीस. तुझ्या दादाला तूच बजावलं होतंस, शरयूशी लग्न केलंस तरच राखी बांधीन. नणंद तू नंतर झालीस, आधी मैत्रीण होतीस. म्हणून तर तुला अजून अगं-तुगं करते, नाहीतर वन्सं म्हणून दोन हात लांब ठेवली असती. परक्या माणसानं केलं असतं तर मी शिवी घालून विसरले असते. तुझं विसरायचं कसं, ते मला जमून नाही राहिलं.

अक्षतच्या वेळी मी मरता मरता वाचले. डॉक्टरांनी दुसऱ्या बाळाचं नाव काढू नका म्हणून सांगितलं, तेव्हा इस्पितळात माझे गुंतलेले केस विंचरायला तूच बसली होतीस. पुढे आम्ही संस्थेतून चिन्मयीला घरी आणलं, तेव्हा पहिला फोन तुला केला. तू हं हं म्हणालीस. मला वाटलं, आनंदानं शब्द सुचत नाहीत. अशी मी भोळी! अकरा महिन्यांची पोर, पाळण्यात मावेना, पाय बाहेर लोंबकळत होते. तरी तुझ्या आईंनी हट्टानं बारसं केलं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. बायका तुझ्या पाठीत धपाटे घालायला हात शिवशिवत बसलेल्या. आणि तू ऐन वेळी कळवलंस, अंबरीशला ताप आहे, येता येत नाही. त्याच संध्याकाळी त्याचा स्केटिंग करतानाचा फोटो तूच सगळ्यांना पाठवलास. मी तेव्हाही म्हटलं, चलो, होतं असं कधी कधी. नाव आईंनी सांगितलं. आत्या ती आत्या, आजी ती आजी, पण कुणाला काय सांगणार?

आता मागच्या चैत्राकडे ये. आपली चैत्रगौर झोपाळ्यावर, घरात हळदीकुंकवाच्या बायका, आंबेडाळीचा आणि मोगऱ्याचा वास. मी स्वयंपाकघरात पन्हं गाळत होते. आई गुडघे धरून खुर्चीत, तेव्हा बाहेरचं सगळं तुझ्या हातात. पाच कुमारिकांचे पाट मी स्वतः मांडले होते आणि त्यातला एक चिन्मयीचा. पिवळा परकर घालून सकाळपासून ती त्याच्याभोवती घिरट्या घालत होती. मी पन्ह्याचं तबक घेऊन बाहेर आले तर तिच्या पाटावर गीतांजली दीदींची भाची. चिन्मयी कुठे, म्हणून विचारलं. तू म्हणालीस, झोपेला आली होती, कुरकुर करून राहिली होती, मागे निजवलीय. मी मान डोलावली आणि पन्हं वाटायला लागले. माझी सायकलवरची मैत्रीण सांगते आहे, मी काहून शंका घेऊ?

यंदा पाडव्याला तुझ्या खोलीतला तो कुलर मुलांच्या खिडकीला, मागच्या व्हरांड्यात लावला. दुसऱ्या दिवशी चिन्मयी हळदीकुंकू हळदीकुंकू खेळत होती. बाहुल्या, अस्वल, अक्षतचा हात तुटलेला रोबो, सगळे ओळीनं बसवलेले. प्रत्येकापुढे डब्याच्या झाकणात चुरमुरे. सगळ्यांना कुंकू, रोबोलासुद्धा. एक बाहुली मात्र कुलरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. तिच्यापुढे वेगळी वाटी. मी सहज म्हटलं, अगं, हिला ऊन लागेल, हिला आत घे. तर म्हणते कशी, नाही मम्मी, ही इथेच बसते. ही आपल्या घरातली नाही ना, गौरीला चालत नाही. आत्यानं सांगितलं होतं. आणि मग माझ्याकडे बघून तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. म्हणाली, तुला सांगायचं नव्हतं, आत्या म्हणाली होती की मम्मी रडेल.

चार वर्षांची होती गं ती. नवा परकर घालून, वाटीभर डाळ घेऊन, कुलरच्या मागे उन्हात भिंतीकडे तोंड करून बसली. आणि आईला रडू येऊ नये म्हणून वर्षभर ते पोटात ठेवलं. मी रडले नाही, अवंती. माझं रडू तिथेच आटलं. त्याच्या जागी जे वर आलं, ते हे पत्र लिहून राहिलं आहे.

आईंना सांगितलं तेव्हा त्या जेवत होत्या. त्यांनी ताट सारलं. माझ्या पोटची काहून अशी निघाली, एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या. तीजेला गौर झोपाळ्यावर बसली ती चिन्मयीच्या हातानं. आणि ज्या चांदीच्या अन्नपूर्णेवर लहानपणापासून तुझा डोळा आहे, ती हिच्या लग्नात हिच्याबरोबर जाईल, असं आईंनी देवासमोर बोलून टाकलं. मी सांगितलं नव्हतं हो करायला. पण खरं सांगते, ऐकताना माझ्या जिवाला थंडगार वाटलं.

इतक्यावर मी कदाचित थांबलेही असते. तुला दोन खणखणीत शब्द ऐकवून गिळलंही असतं. पण गेल्या आठवड्यात तू तुझ्या दादाला फोन केलास. आईंना प्रवास झेपत नाही म्हणून अंबरीशची मुंज वैशाखात इथेच करायची, मामाचं सगळं साग्रसंगीत व्हायला हवं, छत्री चांगली घ्या, काठीला रंग द्या. आलोक हो हो करत होता. मग तू आवाज खाली आणलास. सोडमुंजीच्या वेळी बटू छत्री-काठी घेऊन काशीला निघतो, मामा त्याला वाटेत अडवतो, आणि परत फिर बाबा, माझी मुलगी देतो तुला, असं म्हणतो. सगळे हसतात, पोरगं लाजतं, परत येतं. शंभर मुंजींत बघितलेली गंमत. तू म्हणालीस, दादा, ते मुलीचं वाक्य तेवढं गाळ. तुझी मुलगी म्हटली की सासरची माणसं विचारणार, उगाच कुजबूज. आणि जमलं तर त्या दिवशी तिला पनागरला शरयूच्या मावशीकडे ठेवा, गर्दीत लेकराचे हाल होतात.

तुला माहीत नव्हतं, फोन स्पीकरवर होता. मी शेजारी बसून कैऱ्या चिरत होते. विळी किती धारदार आहे, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

तुझ्या दादाला तू ओळखतेस. मुंगीलाही वाट सोडून चालणारा माणूस. त्यानं फोन ठेवला. कैरीच्या कोया गोळा करत बसला. मग म्हणाला, शरयू, माझ्याकडे एकच मुलगी आहे. ती चालत नसेल तर मी मामा कसला?

तर ऐक आता. तुझा अंबरीश सोवळं नेसेल, डोक्याचा गोटा करील, नवी छत्री उघडून काशीला निघेल. चार पावलं जाईल, मागे वळून बघेल, आणि काशीच्या वाटेवर मामा नसेल. जाऊ दे त्याला काशीला! जबलपूरहून गाड्या पुष्कळ आहेत, तिकीट मी काढून देते. तुझ्या सासूबाई विचारतील, अगं, याचा मामा कुठे? तेव्हा काय सांगायचं ते ठरवून ठेव. तुला जमलं नाही तर मी आहेच, आणि माझा आवाज किती लांब जातो ते शाळेपासून तुला ठाऊक आहे. अंबरीशवर माझा राग नाही. मागच्या उन्हाळ्यात आपल्या वाटचं आइस्क्रीम चिन्मयीला देणारा तोच एकटा. भर मांडवात त्याचं तोंड एवढंसं होईल, याचं मला वाईट वाटतं. तुझ्या पोराचं मला वाटतं, माझ्या पोरीचं तुला वाटलं नाही, एवढाच आपल्या दोघींत फरक.

आता पत्र कशासाठी, ते सांगते. यंदाचं हळदीकुंकू मी अजून केलेलं नाही. गौर अक्षयतृतीयेला उठते, त्याच संध्याकाळी ठेवलं आहे. मागच्या वर्षीच्याच बायका, तीच बैठक, तेच पाच पाट. सगळ्यांना बोलावणं गेलंय आणि अवंती पुण्याहून मुद्दाम येऊन राहिली आहे, हेही सांगून झालंय. तेव्हा ये. पहिल्या पाटावर चिन्मयी बसेल. सगळ्यांसमोर तिचे पाय तू धुशील, तुझ्या पदरानं पुसशील, कुंकू लावशील. मग तिच्या कानात तिचं नाव सांगशील, जे आत्यानं सांगायचं राहिलं आहे. रीतीप्रमाणे मागून तुझ्या पाठीत धपाटा मी घालीन, त्यासाठी हात राखून ठेवला आहे. एवढं झालं तर मामा काशीच्या वाटेवर उभा असेल, आणि माझी मुलगी देतो, हे असं ओरडेल की नर्मदेच्या ग्वारीघाटापर्यंत ऐकू जाईल. नाही आलीस तर माझं म्हणणं वर लिहिलंच आहे. आणि हो, ती बाहुली अजून कुलरच्या मागेच आहे. चिन्मयीनं दोनदा विचारलं, आत आणू का? मी नको म्हटलं. हिला आत न्यायला आत्या येणार आहे, असं सांगितलं. आता ती रोज शाळेतून आली की आधी व्हरांड्यात जाते, बाहुलीला वाटीतून पाणी पाजते आणि सांगते, थांब हं, आत्या येऊन राहिली आहे.

तुझीच, अजून तरी,
शरयू