उजेड त्याच्या पाठीशी

४ मे

आले एकदाची स्केलबेकला! सामानवाले चहा पिऊन, आल्याचा केक खाऊन गेले, आणि आता घरात मी, किटली आणि न उघडलेली खोकी. घर म्हणजे रेल्वे फाटकवाल्याचं जुनं दगडी बिऱ्हाड. फाटक केव्हाच गेलं. बागेच्या टोकाला आता एक बुटकं लाकडी दार आहे. त्यापलीकडे रुळांमध्ये फळ्या टाकल्यात, मेंढरंवाल्याला पलीकडच्या कुरणात जाता यावं म्हणून. कुंपणापाशी ऑब्रिएशाची जांभळी फुलं इतकी दाटलीत की दगड दिसत नाही.

ॲलिसनचा लीड्सहून फोन आला. नेहमीचंच. आई, या वयात लोक समुद्रकाठी राहायला जातात, तू मालगाड्यांच्या शेजारी निघालीस! मी म्हटलं, समुद्र वेळेवर येत नाही, मालगाडी येते. हसली. दर रविवारी फोन करीन म्हणाली. ती शब्दाची पक्की आहे.

तिला खरं कारण सांगितलेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही. माझ्या नवऱ्याने, रेमंडने, जन्मभर मालगाड्यांची डिझेल इंजिनं कॅमेऱ्यात टिपली. आमच्या सगळ्या सुट्ट्या पुलांवर आणि शेतांच्या बांधांवर गेल्या. त्याच्या आवडत्या जातीतली सगळी इंजिनं त्याला मिळाली, एक सोडून. शेवटचे आकडे चारशे अकरा. ते इकडे, स्केलबेकच्या खाणीच्या मार्गावर धाडलं होतं, एवढीच खबर त्याला होती. शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "चारशे अकरा राहिलं गं, बर्नी." दुसरं काही बोलला नाही. मला वाटलं होतं, बोलेल.

तर आता मी ते टिपणार. त्याचा कॅमेरा बॅगेत सगळ्यात वर ठेवून आणलाय.

११ मे

पुलाजवळच्या कुंपणापाशी दोघे जण असतात. क्लिफर्ड ॲन्सको हे पूर्वीचे कसाई, ऐंशीच्या पुढचे. टेरी ब्रॅमली हा निवृत्त पोस्टमन. मी कॅमेरा घेऊन गेले तर टेरी म्हणाला, झालं, आता आपल्याला दाढी करून यावं लागणार. क्लिफर्ड म्हणाले, तू कर, माझ्याकडे बघायला इंजिनंही थांबत नाहीत. मला ते "पोरी" म्हणतात. सदुसष्टाव्या वर्षी पोरी! मी खूश.

त्यांनी मला शिकवलं. खाण पूर्वेला. दुपारनंतर दगड भरलेली गाडी तिथून येते, ऊन तिच्या तोंडावर असतं. ऊन नेहमी आपल्या पाठीशी पाहिजे, म्हणजे इंजिनाच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. मी म्हटलं, हे मला पाठ आहे, चाळीस वर्षं मी सावलीत थर्मास घेऊन उभी होते. टेरी म्हणाला, मग आता तुम्ही फोटो काढा, मी थर्मास धरतो.

एकच गोष्ट विचित्र वाटली. दोघांच्या मध्ये माणूसभर जागा रिकामी असते. मी तिथे उभी राहिले तर क्लिफर्डनी हळूच कोपराला धरून मला कडेला नेलं. ती जागा नॉर्मनची आहे म्हणाले. मी विचारलं, ते कधी येतात? टेरीने पोर्कची पेस्ट्री पुढे केली.

२ जून

दिवस छान जातात. संध्याकाळी मात्र घर फार शांत असतं. रेमंड असतानाही फार बोलणं नसायचं, पण तेव्हाच्या शांततेत कोणीतरी असायचं.

आज त्याचे फोटो लावत बसले. हजारो आहेत. सगळी इंजिनं. माणूस चौकटीत आलेलं त्याला खपायचं नाही. एकदा कार्लाइलजवळ माझी सावली एका फोटोच्या कोपऱ्यात आली होती, नुसती सावली, टोपीची कड. त्याने ती कात्रीने नीट कापून काढली. वाईट हेतूने नाही. त्याची उजव्या हाताची तर्जनी छापखान्यात पेऱ्यापासून गेली होती, त्यामुळे तो कात्रीही मधल्या बोटाने धरायचा आणि कॅमेऱ्याचं बटणही मधल्या बोटानेच दाबायचा. मी त्या अर्ध्या बोटाकडे बघत राहिले.

चाळीस वर्षांत त्याने माझा एकही फोटो काढला नाही. एकदा मी मागितला होता. बघू म्हणाला.

१९ जून

मिळालं! चारशे अकरा!

संध्याकाळी आम्ही निघायच्या बेतात होतो. फोनवर कुठल्याच गाडीची खबर नव्हती. तेवढ्यात पश्चिमेकडून तो आवाज आला, छातीत घुमणारा, मी झोपेतही ओळखीन असा. त्या वेळी पश्चिमेकडून कुठलीच गाडी येत नाही. तिकडे जवळपास नुसता डोंगर आणि जुनं मोडकं यार्ड. मी वळले तर क्लिफर्ड आणि टेरी दोघांनीही कॅमेरे खाली केले होते आणि रुळांकडे पाठ फिरवली होती. "कॅमेरा खाली, पोरी," क्लिफर्ड म्हणाले. "बघू नको."

शाळेत सिस्टर इग्नेशियस हेच सांगायच्या. जे आपल्यासाठी नाही त्यापुढे डोळे खाली. व्हरांड्यातून जाताना आम्ही मुली फरशीच मोजत जायचो. चांगलं शिकले होते मी ते. पण ऊन पाठीशी घेऊन इंजिन आलं आणि त्याच्या कपाळावरचे आकडे मला दिसले. माझ्यासाठी नव्हतंच ते, रेमंडसाठी होतं. मी कॅमेऱ्याच्या काचेवर हाताची सावली धरली आणि बटण दाबलं. मागे एकही डबा नव्हता. एकटंच इंजिन, फार सावकाश गेलं.

मी रडले. दोघं आपापल्या वाटेने गेले. अभिनंदन तरी करायचं!

२० जून

क्लिफर्ड सकाळीच दाराशी आले. आत या म्हटलं, आले नाहीत. टोपी हातात घेऊन पायरीवर उभे राहिले. म्हणाले, चारशे अकरा त्या यार्डात कापून भंगारात गेलं, मी स्वतः बघितलंय, टेरीनेही. आमच्याकडे रीत आहे. ज्या गाडीची खबर कोणालाच नाही, तिच्यापुढे कॅमेरा खाली. नॉर्मनने नाही केला.

मी विचारलं, नॉर्मनचं काय झालं? ते टोपी फिरवत राहिले. म्हणाले, कोणीतरी नॉर्मन आमच्यात उभा राहायचा एवढं आठवतं. चेहरा आठवत नाही. जागा सोडायची सवय तेवढी राहिली. त्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणते, माझं लग्नच झालं नव्हतं, चेष्टा करता का.

मला हसू आलं. मी म्हटलं, एका फोटोने काय होतं?

ते म्हणाले, "ती गाडी संध्याकाळी पश्चिमेकडून येते. उजेड तिच्या पाठीशी असतो आणि तुझ्या तोंडावर. मग फोटो कोण कोणाचा काढतंय, तूच सांग."

त्यानंतर मी कालचा फोटो मोठा करून बघितला. चालकाच्या शेजारच्या खिडकीत कोणीतरी आहे. उन्हामुळे काळं. कोपरं वर, डावं कोपर बरगडीला टेकलेलं, टोपीची चोच मागे फिरवलेली. चेहऱ्यासमोर काचेचा गोल ठिपका चमकतोय.

चोच मागे फिरवून असाच उभा राहायचा रेमंड.

३ जुलै

पुन्हा आलं. मी बागेत होते. मी कॅमेरा नेला नव्हता, शपथ. हात हलवला फक्त. रेमंडचे हात कॅमेऱ्यात अडकलेले असायचे, म्हणून चालकांना हात नेहमी मीच करायचे. सवय आहे. खिडकीतून तो माझे फोटो काढत होता. माझे! मी पदरबिदर सावरावा तसा एप्रन सावरला आणि हसले. कॅमेऱ्याकडे बघून हसायचं कसं तेही विसरले होते.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. घरात आल्यावर मी आरशासमोर केस विंचरले.

१८ जुलै

गावातल्या दुकानात गेले. गल्ल्यावरची मॉरीन रोज माझ्याशी गुडघ्यांबद्दल बोलते. आज माझ्यापुढे आलेल्या बाईचं सामान दिलं, माझ्या मागच्या बाईचं दिलं, आणि गल्ला बंद केला. मी हाक मारली. तिने इकडे तिकडे पाहिलं, शाल ओढली, आणि खिडकी लावून घेतली.

मी पाव तिथेच ठेवून आले.

२७ जुलै, रविवार

ॲलिसनने फोन केला नाही. मी केला. ती म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, अगं, आई बोलतेय. ती फार सभ्यपणे म्हणाली, तुम्हाला चुकीचा नंबर लागला असावा. माझी आई मी लहान असताना —

मग थांबली. मग तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला, आई? म्हणाली. कुठे होतीस? मला तुझा चेहरा आठवेना, मी भांडी घासताना थांबले आणि आठवेना. मी म्हटलं, दमलीस, झोप काढ. फोन ठेवताना तिने विचारलं, तुझे डोळे कुठल्या रंगाचे गं?

राखाडी, बाळा. राखाडी.

बस झालं. उद्यापासून पडदे लावायचे. बागेत जायचं नाही.

९ ऑगस्ट

पडदे लावलेत. गाडी रोज येते आता. दारापाशी हळू होते, जवळजवळ थांबते, मग जाते. मी फरशीकडे बघत बसते. सिस्टर इग्नेशियस, बघा, डोळे खाली.

लग्नाचा फोटो कपाटावर आहे. फोटोग्राफर दुसरा होता म्हणून मी त्यात आहे. होते. माझ्या जागी आता चर्चचं दार दिसतं. रेमंड हसतोय, कोपर बाहेर काढून, कोणाच्या तरी हातात हात दिल्यासारखा.

१६ ऑगस्ट

कुंपणापाशी गेले. कोणाशी तरी बोलावंसं वाटलं. क्लिफर्ड आणि टेरी फुटबॉलवर भांडत होते. टेरी म्हणाला, तुमचा संघ तुमच्या सॉसेजसारखाच, आत काय भरलंय देवाला ठाऊक. क्लिफर्डनी त्याला थर्मासच्या झाकणाने मारल्यासारखं केलं. मी हसले. कोणी ऐकलं नाही.

आता त्यांच्यामध्ये दोन माणसांची जागा रिकामी आहे. थर्मास देताना टेरीला हात लांब करावा लागला. आपण इतके लांब का उभे आहोत, त्याने विचारलं. क्लिफर्ड म्हणाले, माहीत नाही रे. कोणाची तरी जागा आहे. आणि त्यांचे डोळे भरून आले, कशाने ते त्यांनाच कळेना.

३१ ऑगस्ट

रविवार. फोन नाही. मी नंबर फिरवला. हा क्रमांक — मग नुसता गुणगुणता आवाज.

ॲलिसन. ॲलिसन मेरी. उजव्या गालाला खळी. इथे लिहून ठेवते. ती विसरली तरी मी विसरणार नाही.

६ सप्टेंबर

कोणी बघत नाही म्हणजे काय ते आधी कळत नव्हतं. मेंढरंसुद्धा बाजूला होत नाहीत. मी अंगणात ओरडले. रॉबिन पक्षी हातावर येऊन बसला, खांबावर बसावा तसा.

फक्त तो बघतो. संध्याकाळी. रोज.

पडदे काढले.

७ सप्टेंबर

निळा स्वेटर घातलाय. मोत्याची माळ. रोजनिशी एप्रनच्या खिशात ठेवायची आणि दारापाशी उभं राहायचं. तो रेमंड असेल तर शेवटी त्याला उमगलं. काही उशीर झालेला नाही. त्याला एकदा विचारायचंय, ती सावली का कापलीस रे. मग ॲलिसनला सांगायचं, बाबांनी माझा फोटो काढला. तिला आठवेल. फोटो असला की आठवतं.

८ सप्टेंबर, संध्याकाळ

आलं. थांबलं. पहिल्यांदाच पूर्ण थांबलंय, फळ्यांच्या जरा अलीकडे. लाकडी दार उघडून उभी आहे — उभ्याने लिहितेय — ऊन सगळं माझ्या तोंडावर, डोळे मिटतायत. इंजिन थरथरतंय, जमिनीतून पायांना कळतं.

खिडकीत तो. टोपी उलटी. कॅमेरा चेहऱ्यासमोर. हाताने खूण करतोय — थोडी डावीकडे. बरोबर आहे, दाराची सावली पडत होती माझ्यावर.

अजून थोडी. फळ्यांवर ये.

आले.

अजून मागे — दोन्ही रुळांच्या मध्ये — इंजिनं उभी राहतात तिथे. उजेड इथेच नीट पडतो. खरंच की. अंगभर उजेड. इतकं कोणी कधी —

हसतेय मी, रेमंड. काढ.

तो हात वर करून धरतोय, हलू नको म्हणून. उजवा हात. ऊन बोटांच्या मधून येतंय. पाचही बोटं स्वच्छ दिसतायत. लांब. पूर्ण. पाचही —

रेमंडचं तर एक बोट