सन ३०२५ च्या हाणामारीतून पुतणीचे नाव वगळण्याबाबत

प्रति,
मा. तालुका कार्यकारी दंडाधिकारी,
तहसील कार्यालय, नांदझिरी,
जि. अमरावती

विषय : शांतता राखण्याच्या बंधपत्राच्या कारवाईतून कु. वर्षाली शालिकराम घाटोळ हिचे नाव कमी करून तिच्या वाट्याचा दोष अर्जदारावर लावणेबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस.
२) अर्जदाराचा आधीचा अर्ज, जो त्याने कोणालाही न दाखवता स्वतःच लिहिला होता.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी गोपाल नत्थुजी घाटोळ, राहणार मौजे पिंपळझिरा, झेंडू, वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकून पोट भरतो. गेल्या उन्हाळ्यापासून मी चित्रपट दिग्दर्शकही आहे. ही दुसरी गोष्ट मी आधीच्या अर्जात लिहिली नव्हती, आणि पुढचे सारे रामायण तिथूनच सुरू झाले.

१. चित्रपटाचे नाव 'हडळ ३०२५'. त्यात भय, कराटे आणि विज्ञान या तिन्हींचा संगम असून त्यातले एकही मला येत नाही. सन ३०२५ मध्ये मंगळावरून एक हडळ उतरते व माणसांच्या अंगातली वीज पिऊन टाकते. आमच्याकडे लाईट तसेही जात असल्याने पहिला अर्धा तास गावाला संशयच येत नाही. कथेतला तेवढा भाग वास्तववादी आहे. पुढे कराटे शिकलेली एक मुलगी हडळीला लाथा मारत परत मंगळावर पोचवते. ती मुलगी म्हणजे माझी पुतणी वर्षाली.

यान जुन्या कूलरच्या बॉडीचे आहे. धूर फवारणीच्या पंपाचा. रक्त बिटाचे, तेही घरच्या वाफ्यातले. दिवे भाड्याने आणणे न झेपल्यामुळे रात्रीचे सर्व प्रसंग भर दुपारी, कॅमेऱ्यापुढे निळा जिलेटीनचा कागद धरून उतरवले. त्यामुळे अमावस्येच्या रात्री सर्व पात्रे घामाने निथळत डोळे बारीक करून उभी दिसतात. हडळीचे काम भाजीचे अडते श्री. देवीदास यांनी केले. हडळीचे पाय उलटे असतात म्हणून त्यांच्या पायांत बूट टाच पुढे करून बांधले होते. पहिलीच लाथ मारताना ते स्वतः आडवे झाले व त्यांचा अंगठा मुरगळला. या संपूर्ण हाणामारीत झालेली ती एकमेव दुखापत होय.

२. आता मूळ चुकीबद्दल. अकोल्याला लग्नांच्या व्हिडिओचे एडिटिंग करणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांनी मला बजावले होते की अर्जात 'चित्रपट' हा शब्द दिसला की साहेबलोक दहा कागद मागतात. म्हणून मी हुशारी केली. चित्रपट, चित्रीकरण, कॅमेरा हे शब्द काळजीपूर्वक गाळून पोलीस ठाण्यात अर्ज दिला तो असा : "दि. १२ नोव्हेंबर ३०२५ रोजी सकाळी बाजार मैदानावर आमच्या दोन गटांत तुंबळ हाणामारी होणार असून अखेरीस देवीदास ठार होईल. तरी परवानगी देऊन उपकृत करावे." खाली माझी सही आणि मोबाईल नंबर.

ठाण्यातील कर्मचाऱ्यांनी ३०२५ हा लिहिण्यातला दोष समजून २०२५ केले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. हजार वर्षे आधी परवानगी मागणारा माणूस त्यांनी पाहिला नसेल. ठरल्या दिवशी कॅमेऱ्याच्याही आधी पोलिसांची गाडी आली. माझ्या कलाकारांना वाटले की मी खर्च करून खरी गाडी मागवली. तेव्हा त्यांना इतका हुरूप आला की एरवी तालमीला न येणारेही जीव तोडून भांडू लागले. मी बाजूला उभा राहून "शाब्बास" म्हणत होतो, ही बाब पंचनाम्यात आली आहे आणि ती खरी आहे.

३. ठाण्यात गेल्यावर तरी खुलासा व्हायला हवा होता. परंतु हवालदार साहेबांनी सुरुवातच "कोणी कोणाला मारले?" अशी केली, आणि इथे कलाकाराचा स्वभाव आडवा आला. सरकारी कागदावर आपण मार खाल्ला अशी नोंद कोणालाच नको होती. ज्याचे काम पहिल्याच दृश्यात मरून पडून राहण्याचे होते, त्यानेही तिघांना लोळवल्याचे सांगितले. देवीदास यांनी, "हडळ मेली नाही, मांगं सरली असं लिवा," असा आग्रह धरला. मुख्य कोण, असे विचारल्यावर मी पुढे झालो. आजवर मला कोणी कुठेही मुख्य म्हटले नव्हते, महोदय. मी सहीखाली 'लेखक-दिग्दर्शक' असेही लिहिले, पण घाईत लिहिल्याने ते कोणाला वाचता आले नाही. पुढे चित्रपटाचे सांगू लागलो तोवर जबाब पुरे झाले होते. पकडलेला प्रत्येक माणूस असेच काहीतरी सांगतो, असे साहेब शांतपणे म्हणाले.

वर्षालीने मात्र जे केले तेच सांगितले. समोर आलेल्या प्रत्येकावर लाथ उगारली, असा तिचा जबाब आहे.

४. या अर्जाचे खरे कारण आता लिहितो. वर्षाली अकोल्याच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण झाली असून तिची चारित्र्य पडताळणी बाकी आहे. पहाटे उठून चांदूर रेल्वे गावाच्या रस्त्यावर धावत तिने ही जागा मिळवली. पडताळणीत तिच्या नावापुढे प्रतिबंधक कारवाई दिसली तर ती जागा गेलीच म्हणून समजावे. तिला पुन्हा प्रयत्न करायला वयाची अटही आड येते.

तिची आई पार्बताबाई, म्हणजे माझी वहिनी, अमरावतीच्या फूलबाजारात माझ्या शेजारीच बसते. नोटीस आल्यापासून ती आपली टोपली रांगेच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसू लागली. जाताना एवढेच म्हणाली, "भाऊजी, तुमच्या हडळीनं माह्या पोरीची नोकरी खाल्ली." अर्जात असे लिहिण्याची पद्धत नसेल, पण मला फार लाज वाटते आणि झेंडूचा भावसुद्धा मी हल्ली पाटीवर लिहून ठेवतो.

मी वर्षालीला सुचवले की सुनावणीत सांग, मी नुसती बाजूला उभी होती. त्यावर ती म्हणाली, "काका, पोलिसात जाऊन राहिली मी. पह्यलाच जबाब खोटा देऊ काय?" असे सांगून ती धावायला निघून गेली. म्हणून जे काही खरे-खोटे करायचे ते मलाच करणे भाग आहे.

५. सबब मी शपथेवर सांगतो की माझा चित्रपट संपूर्ण खोटा आहे. अचलपूरच्या एसटी स्टँडवर 'सर्व हाणामारी अस्सल' असे पोस्टर मी स्वतःच्या हाताने चिकटवले होते, ते मी स्वतःच खरवडून काढले. सोबतच्या मेमरी कार्डमध्ये, त्या दिवसाआधी माझ्या शेतात उतरवलेल्या हाणामारीच्या तालमींसह, सर्व चित्रीकरण आहे. एकही ठोसा कोणालाही लागलेला नाही. हे लपवण्यासाठी मी कॅमेरा तिरपा धरण्याची कला मोठ्या कष्टाने शिकलो होतो, परंतु आपल्या कार्यालयातील संगणकावर चित्र थांबवून पाहिल्यास हात आणि गाल यांच्यामधून मागचे वांग्याचे शेत स्पष्ट दिसेल. आपण ते पाहण्याची तसदी घ्यावी आणि 'सदर चित्रपट इतका सुमार आहे की त्यास हाणामारी म्हणता येत नाही' असा शेरा कार्यालयाच्या शिक्क्यानिशी द्यावा, ही विनंती. जगातला कोणताही दिग्दर्शक असा शेरा मागत नसेल. मी हात जोडून मागतो.

कारवाई कोणावर तरी कायम ठेवणे आवश्यकच असेल तर ती माझ्यावर ठेवावी. मी जन्मभराचे बंधपत्र देतो. चित्रपट अपुरा राहील आणि पृथ्वीचे पुढे काय झाले हे कोणाला कळणार नाही, ते चालेल.

६. सगळे पाहायला वेळ नसल्यास कार्डमधला शेवटचा तुकडा तरी पाहावा. तो माझ्या शेतात उतरवला आहे. उलट्या बुटांमुळे देवीदास जागचे हलू शकत नाहीत आणि वर्षालीची टाच फिरून येऊन त्यांच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबते. मला ते दृश्य खरे हवे होते. "लागू दे जराशी," असे मी मागून ओरडतो आहे, ते ऐकू येईल. मी तिला पुन्हा पुन्हा लाथ मारायला लावली, शेवटी वाटेल तसे बोललो, आणि दर वेळी तिचा पाय त्याच जागी थांबला. त्या दिवशी मला तिचा फार राग आला होता. काल तो तुकडा पुन्हा पाहिला. सख्खा काका कानाशी ओरडत असतानाही जिचा पाय नेमक्या जागी थांबतो, तिच्या हाती शासनाने काठी द्यावी.

आपला नम्र व हाणामारीस सर्वथा अपात्र,

(सही)
गोपाल नत्थुजी घाटोळ
मौजे पिंपळझिरा, ता. नांदझिरी, जि. अमरावती
दिनांक : ३ डिसेंबर २०२५

सोबत : वर नमूद मेमरी कार्ड.