मावशीच्या तोंडी परका आवाज

८ जानेवारी, बुलढाणा

काल मालिकेत मावशीचा भाग लागला. साखरखेर्ड्याले तिच्या घरी पंधरा-वीस बाया जमल्या होत्या. मीबी गेलो होतो. वत्सलामावशी, माह्या मायची लहान बहीण, बाजारात मेथी-सांभाराच्या जुड्या विकते. टीव्हीवर पहिल्यांदा. सासऱ्याच्या तोंडावर खरं बोलणारी सून, बारा सीनचं काम.

तोंड उघडलं तिनं, अन् आवाज भलत्याच बाईचा. "अहो मामंजी, मी असं मुळीच होऊ देणार नाही." मावशी टीव्हीत हातवारे करून भांडून राह्यली अन् आवाज कसा, तं बँकेत टोकन नंबर पुकारतात तसा.  पहिले एक बाई हासली. मंग सगळ्या.

मावशी माह्याकडं वळली. "गज्या, माहा आवाज कुठी गेला बे?"

काय सांगू? साउंड मीच केला होता. चहा न पिताच निघालो.

९ जाने.

रोहनले सात वेळा फोन लावला. दिग्दर्शक झाला म्हणजे फोन उचलाचं बंधन नसते. आठव्यांदा उचलला. "गजानन, समजून घे ना. लोकेशन साउंड वापरण्यासारखा नव्हता. नाइलाज झाला."

वापरण्यासारखा नव्हता! कानाले हेडफोन लावून मी बसलो होतो का तू बसला होता? मुंबईत बारा वर्षं हेच केलं, आजवर माह्या रेकॉर्डिंगले कोणी नाव ठेवलं नाही.

दुपारी पाहिलं, युनिटच्या ग्रुपवरबी तेच लिहून मोकळा झाला. "साउंडच्या अडचणीमुळे डबिंग." खाली चार जणायचे हात जोडलेले. पुढच्या शेड्यूलले दुसरा रेकॉर्डिस्ट. मले कळवलंबी नाही.

याले सोडत नाही. लिहून ठेवतो.

१२ जाने.

बाजाराचा दिवस. मावशीले भेटाले गेलो. लांबूनच थांबलो.

जिची हाळी सराफ्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होती, ती मावशी मुक्यानं बसली होती. दोन बोटं वर म्हणजे वीस रुपये जुडी. मान हलवली म्हणजे नाही. पलीकडचा कांदेवाला ओरडला, "ओ मामंजी, सांभार कसा दिला?" सगळी ओळ हासली. मावशीनं पदर पुढं ओढला.

जवळ गेलो. माह्याकडं न पाहता म्हणे, "तुह्या मशीननं माहा आवाज खाल्ला. अन् तू म्हणत होता, गज्या असल्यावर काऊन भेतं."

त्या मेल्या रोहनले असं तोंडावर पाडतो का जल्मात...

१५ जाने.

सकाळपासून हार्डडिस्क घेऊन बसलो. मूळ आवाज माह्याजवळ आहे, साऱ्याच्या सारा. शूटिंग संपलं का एक कॉपी स्वतःजवळ ठेवतो, सवय आहे. आज कामी आली.

पाच सीन ऐकले. काचेसारखे साफ. "मामाजी, तुमी मोठे हा, पन मोठ्या मानसानं खोटं बोलू नाही." काय बोलते यार मावशी! मागून झाडावरचा होला घुमते, तोबी ऐकू येते. एकटाच टाळ्या पिटल्या.

अन् घबाड सापडलं. सीन चार कट झाल्यावर सासरा झालेल्या नटाच्या छातीवरचा माइक चालूच राह्यला होता. त्याच्यापुढं उभा राहून रोहन कोणाशी तरी बोलते, "आवाज उत्तम आहे रे, पण ही भाषा ऐकणार कोण? पुण्यातल्या बाईकडून डब करू. विचारलं तर साउंड खराब होता म्हणू. ते गजाननचं मी बघतो."

मी बघतो! बघ आता.

चालू माइकमधून कानावर आलेलं बाहेर सांगाचं नाही, हा आमच्या धंद्यातला धर्म. नट-नट्यायचे नवरे, भांडणं, शिव्या, काय काय ऐकलं या कानायनं, कधी तोंड उघडलं नाही. या वेळी उघडीन. धर्म त्यानं पह्यले मोडला.

१९ जाने.

शेगावच्या साउंडवाल्या सलीमभाईचा फोन. मालिकेच्या शंभर भागांचा सत्कार सोहळा शेगावले, मंगल कार्यालयात, १ तारखेले. सगळी टीम येणार. सलीमभाईले मिक्सरवर भरवशाचा माणूस पाहिजे. "गजाननभाऊ, खाली असान तं या."

खाली! दुसरं काम आहे कुठी? अरे पळत येतो.

ठरवलं. रोहन भाषणाले उभा राहीन, सगळ्यायचे आभार मानीन, अन् तेवढ्यात हॉलच्या आठही स्पीकरमधून त्याचाच आवाज. "ही भाषा ऐकणार कोण?" शेगावात! समोर हजार वऱ्हाडी माणूस! मंग मावशीचे सीन, एकामागं एक. त्याचं थोबाड कसं होईन ते डोळ्यापुढं आणून आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बायको म्हणे काय झालं. म्हटलं काही नाही, भूक आहे.

२३ जाने.

आज उरलेले सीन ऐकले. सहावा ते अकरावा साफ.

बारावा. मुख्य सीन. मावशी सासऱ्याले अंगणात गाठते तो. शॉट रुंद होता, वरून बूम, काठीवरचा माइक, घालता येत नव्हता. मावशीच्या छातीवरचा एकच माइक.

खसखस. खसखस. दर वाक्याले.

पुन्हा ऐकलं. चार वेळा ऐकलं. सासऱ्यासमोर बोलाचं म्हणून मावशी दर वाक्याले पदर सावरते. सवयीनं. अन् लुगडं नवं, खळीचं. जुनं नेसाले ती तयारच नव्हती, "टीव्हीवर जुनेरं नेसू काय?" ते कडक कापड माइकवर घासते. अर्धं बोलणं त्यात गेलं. फिल्टर लावला, नाही जात.

दुसरी कोणी नटी असती तं मी स्वतः माइक लावला असता. अंबाड्यात लपवला असता, कापडाले मऊ टेप लावला असता. पण मावशी. मायच्या जागेवर. तिच्या छातीले हात कसा लावाव? लाज वाटली. माइक तिच्या हातात देल्ला, म्हटलं आतून लाव, अन् पाठ फिरवून उभा राह्यलो. पाह्यलंबी नाही कसा लावला ते.

मंग हेडफोनमध्ये ऐकू काऊन नाही आलं? आलं असन. पण मावशी असं बोलून राह्यली होती का माह्या डोळ्यात पाणी. "ओके फॉर साउंड" मीच ओरडलो.

अकरा सीन त्यानं मारले. एक मी.

२४ जाने.

बारावा सीन लावाचाच नाही. अकरा पुरे. कोणाले कळते?

मले कळते. अन् रोहनजवळ त्याची कॉपी आहेच, तो तेच पुढं करीन. "हे ऐका तुमच्या गजाननचं काम."

डोकं फिरलं. 

२६ जाने.

मावशीकडं गेलो. झेंडावंदन आटपून गाव घरी परतलं होतं. तिच्या कानाले हेडफोन लावले. पह्यल्यांदा स्वतःचा आवाज ऐकत होती. तोंडावर हात ठेवून ऐकत राह्यली, हासली, मंग रडली.

"मी अशी बोलतो?"

"हाव. अशीच."

मंग रोहनचं बोलणं ऐकवलं. तिचा चेहरा असा झाला का मीच भेलो. म्हणे, "लाव. साऱ्या शेगावपुढं लाव."

तिथंच थांबलो असतो तं जिंकलो होतो. पण बोटानं बारावा लावला. माहीत नाही काऊन.

"हे खसखस काय होय?"

सांगितलं सगळं. माइक, लाज, पाठ फिरवली ते.

 तिनं हेडफोन काढून माह्या मांडीवर ठेवले. "मले लाज नव्हती वाटली. तू काम करत होता. तुले काऊन वाटली?"

मी वायर गुंडाळाले लागलो. 

"म्हंजे त्यानंबी मले गप केलं अन् तूनंबी." उठली, चुलीपाशी गेली. तिथूनच म्हणे, "तुही मशीन ठेव घरी. स्टेजवर मले बोलावलं हाय त्यायनं. माह्या तोंडानं बोलतो मी."

"काय बोलशीन?"

"दोघायचंबी."

म्हटलं मावशी, माहं नाव तिथं घेतलं तं या धंद्यात मले कोणी उभं करणार नाही. सगळे तिथं राहतीन. ती म्हणे, "मले बाजारात उभं करते काय कोणी?"

तिनं शपथ घातली, काही वाजवाचं नाही म्हणून. मी घेतली. जिवावर आलं होतं.

१ फेब्रुवारी, शेगाव. दुपार

मिक्सरमागं बसून लिहून राह्यलो. हॉल भरला. मावशी पहिल्या ओळीत बसली आहे. माह्याकडं पाहत नाही.

रोहननं आत्ता पाह्यलं मले. क्षणभर चेहरा उतरला, मंग आला खांद्यावर हात ठेवून. "अरे गजानन! बरं झालं तूच आहेस. ऐक, वत्सलाबाईंना वर बोलावू, त्यांच्या हातात माइक देऊ फोटोसाठी. पण तो चॅनल, चार नंबर, बंदच ठेव. संवाद डबिंगवाली ताई म्हणेल पडद्यामागून. लोकांना तोच आवाज माहितीये. आणि पुढच्या शेड्यूलचं बोलू आपण, तुझं नाव आहे डोक्यात."

किती सोपं केलं गड्यानं. चार नंबर बंद ठेवला का माहं काम परत, माहं नाव साफ. मावशी तोंड हलवीन, आवाज निघणार नाही, मले कोणी काही म्हणणार नाही. म्हणतीन, मशीन बिघडलं. मशीन तं बिघडतेच.

"हो सर," म्हटलं. गेला.

रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह घरीच आहे, शपथेपायी. नसती शपथ तं अजूनबी वाजवला असता, खोटं काऊन लिहू.

निवेदिका मावशीचं नाव घेऊन राह्यली. मावशी उठली. पदर सावरला. पायऱ्या चढून राह्यली. सलीमभाईच्या माणसानं तिच्या हातात माइक देल्ला. चार नंबरचा.

रोहन स्टेजवरून माह्याकडं पाहते अन् मान हलवते, बंद ना?

मी मान हलवली, हाव.

अन् चार नंबर पूर्ण वर केला. डबिंगवालीचा खाली. हॉलमध्ये मावशीचा श्वास ऐकू येते. आता ती पह्यलं नाव कोणाचं घेते, रोहनचं का माहं