‘गौराआजी’ नावाचा कॅमेरा

३ नोव्हेंबर
आले एकदाची कर्जतला, नातीच्या घरी. दुसरा मजला. गुडघ्यांनी पायरीपायरीला शिव्या दिल्या. संजनानं हातात फोन दिला नि म्हणाली, आजी, तू नुसती बोल, हा लिहील. पंचाहत्तर वर्षं अक्षराशी वैर धरलं, आता बसल्याजागी लेखिका झाले. शाळा बुडवल्याचं सार्थक!

पोरीचं काम मोठं गमतीचं. जो बंगला अजून बांधलेलाच नाही, त्याचं हुबेहूब चित्र कॉम्प्युटरवर काढते. आधी नजर लावायची, म्हणे. कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर हवा, नाहीतर बंगला खेळण्यातला दिसतो. एकदम सगळंच दाखवायला गेलं तर खांब दारुड्यासारखे कलतात. मग भोवती चौकट आखायची. चौकटीबाहेरचं यंत्र काढतच नाही.

मला भिंतीशी उभं करून टेपनं माझ्या डोळ्यांची उंची मोजली. साडेचार फूट. कॅमेऱ्याला नाव ठेवलं ‘गौराआजी’. नकाशावर इवलासा डोळा दिसतो, तो मी. म्हटलं, अगं, नजर लावतात का कुठं? आपल्यात काढतात. गावात माझी नजर वाईट म्हणून बाया पोरांना पदराआड घ्यायच्या. ती खो खो हसली. मीही हसले.

५ नोव्हेंबर
आज डोकं फिरलं. पडद्यावरचा माळ ओळखीचा वाटला. बघते तर आमचाच, खालापूरजवळचा. मागे माथेरानचा डोंगर, मधे जांभूळ, उजवीकडे मोतीबाईचं घर, छपरावर निळी ताडपत्री. मोती माझी शेजारीण. पन्नास वर्षं भांडतोय, म्हणजे जीव किती ते समजा.

बंगलेवाल्या साहेबांचा निरोप आला, ते निळं नको. संजनानं चौकटीची कड बोटभर आत ओढली. मोती घरासकट गायब.

मी कडाडले. जितं माणूस राहतं तिथं! तुझ्या बापाला तिनं पायावर घेऊन न्हाऊ घातलंय, आणि तू तिला केरासारखी बाहेर लोटतेस? तर म्हणते, आजी, फक्त चित्रात गं.

६ नोव्हेंबर
मोतीला फोन लावला. असा नंबरच नाही, म्हणे. मग आमच्या गावच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्या धाऊला लावला. तो म्हणाला, कोन मोतीबाय? काकू, तुमच्या बाजूला घर व्हतंच कुटं? मोकळा माळ हाय.

मेल्या! परवाच्या दिवाळीत तिच्या डझनभर करंज्या गिळल्यास! त्याला सात पिढ्यांचा उद्धार ऐकवून फोन ठेवला. संजनाला सांगितलं, तर तिनंही विचारलं, मोतीबाई कोण गं?

मग मी कालचं लिहिलेलं फोनकडून मोठ्यानं वाचून घेतलं. पोरीचा चेहरा उतरला. पण हट्टी, मानेना. माझीच नात.

७ नोव्हेंबर
मीठ, मोहरी, सात मिरच्या. पडद्यावरून ओवाळून तव्यावर टाकल्या. मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण ठसका नाही. साधी शिंकसुद्धा नाही. इतकी कडक नजर मी जन्मात पाहिली नाही. आणि ती माझीच —

संजनाला म्हटलं, कड मागे ओढ. ओढली. घराच्या जागी गवत. साहेबासाठी तिनं कड परत आत घेतली.

म्हटलं, मग तो ‘गौराआजी’ डोळाच पुसून टाक. पुसायचं बटण तिनं दाखवलं, उजव्या कोपऱ्यातलं. पण दाबलं नाही. उद्या चित्र द्यायचंय, म्हणे. साहेब, साहेब! मसणात जावो तो साहेब. माझ्या डोळ्यांनी बघून माझंच माणूस खाल्लं त्यानं.

८ नोव्हेंबर, सकाळ
ऐकलं नाही. तिथं घर नव्हतंच, माळावर जाऊन दाखवते म्हणाली. इथं यंत्र एकेक तुकडा करून चित्र काढतंय.

आत्ता तिचा फोन आला. जांभळाच्या उजवीकडे उभी आहे. घर नाही. पण गवतात चूल आहे, म्हणाली, आणि राख अजून गरम —

उजवीकडे. म्हणजे चौकटीबाहेर. डावीकडे सर, म्हणून ओरडले. फोन तुटला.

तासाभरानं
असा नंबर नाही.
दारावर तिच्या नावाची पाटी होती. कोरी.
धाऊ म्हणतो, कोन संजना? तुमाला नात कवा व्हती?

तुझ्या जिभेला —

नाही. त्याच्यावर काय ओरडू. नजर माझी.

दुपार
पडद्यावर माळ. स्वच्छ. साहेबाला हवा तसा. नकाशावर तो डोळा, उघडा. माऊसनं त्याच्यावर टिचकी मारली. पिवळा झाला. उजव्या कोपऱ्यातलं बटण. वाचता येत नाही, पण जागा ध्यानात आहे.

डोळाच गेला तर चौकट कुणाची? आतलं काय नि बाहेरचं काय —

मीही चौकटीबाहेरचीच, बोटं दिसेनाशी झालीत. दाबते. पोरी, सर गं डावीकडे. मोते, राख विझू देऊ नकोस, चहा टाक, मी भांडायला ये