फरीदाबादची सातेरी

गुरुग्राम, १२ मे २०२५

ती. श्यामकांतकाकांस,
रुचिताचा साष्टांग नमस्कार. फोनवर मी नीट बोलणार नाही, म्हणून लिहिते. झालं ते असं:

१. तीन वर्षांत आमच्या प्रयोगशाळेने दिल्लीभोवती एक्केचाळीस जागा तपासल्या. इथली मूळची सातेरी मधमाशी एकाच ठिकाणी मिळाली, तुमच्या गच्चीवरच्या पेटीत.
२. जानेवारीच्या नमुन्यात सगळ्या माश्या इथल्याच वंशाच्या होत्या.
३. एप्रिलच्या नमुन्यात वीसपैकी वीस माश्या कोकणातल्या वंशाच्या आहेत.

डीएनए चाचणी दोनदा केली. उत्तर तेच. पेटीला कोणी हात लावला होता का?

काकूंचे गुडघे कसे आहेत?

तुमची,
रुचिता


फरीदाबाद, १६ मे

चि. रुचितास अनेक आशीर्वाद.

बाईसाहेब, पत्र आहे की मेमो? सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं असलेच वाचले.

हात मीच लावला. मार्चमध्ये पेटीत मूठभर माश्या उरल्या होत्या. तूच म्हणाली होतीस, ही पेटी गेली तर सगळं गेलं. म्हणून विलासमामाकडून सावंतवाडीची सातेरी मागवली. मध्ये वर्तमानपत्र ठेवून दोन्ही पेट्या जोडल्या, तू शिकवलंस तसं. दोन राण्या एकत्र नांदत नाहीत. इथली थकलेली दिसली, ती मी चिमटीत मारली. मला वाटलं, सातेरी ती सातेरी, त्यातून आपल्या गावची! आता पेटी गच्च भरली आहे. काकू म्हणाली, पोरीला सांगू नका, बघून खूश होईल.

मेलेली राणी काडेपेटीत ठेवली आहे. तिचं काही करता येईल का गं?

तुझा,
काका


गुरुग्राम, १९ मे

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

राणीपासून नोंद होईल, माशी होणार नाही. इथल्या पंचेचाळीस अंशांत तगणारा वंश तुमच्या पेटीतून संपला. चूक माझीही आहे. कसं जोडायचं ते शिकवलं, कोणाशी जोडायचं नाही ते सांगितलं नाही.

अरवलीत आमच्या नजरेतून सुटलेलं एखादं मोहोळ असेल. मला फारशी आशा नाही. पण असलंच, तर तुमच्या पेटीतले नर तिथल्या राण्यांपर्यंत पोचतील आणि तेही मोहोळ इथलं राहणार नाही. म्हणून या माश्या माराव्या लागतील. कोकणात परत धाडल्या तर या उन्हात वाटेतच मरतील.

काकूंनी पाठवलेली मधाची बाटली मिळाली. उघडलेली नाही.

माझा राग आला तरी माया कमी करू नका. पेटी तुम्ही संपवाल की मी येऊन संपवू, ते रविवार, २५ मेपर्यंत कळवा.

रुचिता