खालून आलेलं उत्तर

सोमवार, ४
आलो बुवा एकदाचा! समुद्रातल्या बुरुजावर नोकरी, वर राहायला खोली, खिडकी उघडली की नुसतं पाणीच पाणी. बायको गेल्यापासून चिमी आत्याकडे असते. सुट्टी लागली की तिला आणणार, मग आम्ही बाप-लेक इथले राजे! काम म्हणजे पाहुण्यांना बुरुज दाखवायचा. चाळीस पायऱ्या उतरलं की जुनी कोठडी. भरतीला पाणी पार वरच्या दारापर्यंत चढतं. पूर्वी भरतीआधी कैद्यांना वर काढत. एकदा जेलरने वरूनच हाक मारून दार लावलं, अकरा जण बुडाले. म्हणून दारवान मामांनी बजावलंय, संध्याकाळी स्वतः खाली उतरून बघायचं, मगच कुलूप.

शुक्रवार, ८
मामा आजारी, रजेवर गेले. माझ्या गुडघ्यांनीही राजीनामा दिलाय. आज वरूनच ओरडलो, कोणी नाही ना खाली? खालून आलं, कोणी नाही. काय झकास प्रतिध्वनी आहे! बदली दारवानालाही ही युक्ती शिकवली. पठ्ठ्या खूश झाला.

मंगळवार, १२
आज हाक मारली, 'कोणी नाही' आलं. कुलूप लावणार, तोच एक म्हातारं जोडपं धापा टाकत वर आलं. आजोबा माझ्यावर उखडले. आहोत, थांबा, म्हणून दोघं घसा फोडत होते म्हणे. मी बहिरा आहे का, असं विचारत होते.
मामांना फोन केला.  ते म्हणाले, तो जेलरही मरेपर्यंत शपथेवर हेच सांगायचा, की खालून 'कोणी नाही' असंच आलं.
बदलीवाल्याला सांगायला हवं. पण हसेल तो मला.

गुरुवार, १४
चिमी आली! दिवसभर नुसती बडबड. तिच्या नादात बदलीवाल्याशी बोलायचं राहिलं. उद्या नक्की.

शनिवार, १६
चिमी लपायला खाली गेली. मी मागोमाग. सापडली, पण तेवढ्यात वरून हाक आली— कोणी नाही ना खाली?
आहोत, आहोत, असं ओरडलो. जीव खाऊन ओरडलो. चिमी माझ्याकडे बघतच राहिली. विचारते, बाबा, तू 'कोणी नाही' का म्हणालास?
कुलूप लागलं. मीच शिकवलं त्याला. मीच—

वरच्या पायरीवर आहोत. मोबाईलला रेंज नाही, त्याच्याच उजेडात खिशातल्या वहीत लिहितोय. दार ठोकतोय, आवाजच होत नाही. पाणी गुडघ्याला. चिमी खांद्यावर.

बाहेर पावलं! बदलीवाला परत आलाय— विचारतोय, आत कोणी आहे का—
चिमी म्हणते, बाबा, तू गप्प राहा, मी सांगते. तिने तोंड उघडलं आणि